फोटो-पोस्टकार्डाची मागची बाजू

आजचा विषय हाताच्या पंजात मावतो. साडेपाच इंच लांब, साडेतीन इंच रुंद असा जाडसर कागद. एका बाजूला फोटो. दुसऱ्या बाजूला तिकीट, टपालाचा शिक्का, पत्ता आणि कुणीतरी घाईत लिहिलेल्या चार ओळी. पिक्चर पोस्टकार्ड.

‘जुनी मुंबई’ म्हणून फिरणारे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. बोरीबंदरवरून जाणारी घोड्यांची ट्राम, मोकळा ढाकळा हॉर्नबी रोड, राजाबाई टॉवरच्या आसपास एकही उंच इमारत नाही. फॅमिली ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एखादे काका ते टाकतातच, वर ‘काय ते दिवस!’ असं लिहून. या फोटोंपैकी पुष्कळसे मुळात पोस्टकार्डं आहेत. कुणीतरी ते कार्ड विकत घेतलं, त्यावर लिहिलं, तिकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. शंभर वर्षांनी स्कॅन करणाऱ्याने मात्र फोटोचीच बाजू स्कॅन केली. कुणी कुणाला लिहिलं, काय लिहिलं, ते स्कॅनरच्या काचेवर आलंच नाही.

मला त्या राहिलेल्या बाजूबद्दल बोलायचंय. कारण हे कार्ड एका वेळी दोन कामं करायचं. लिहिणाऱ्यासाठी ते खुशालीचं पत्र होतं. छापणाऱ्यासाठी, म्हणजे हॉटेल, बोट कंपनी, फोटो स्टुडिओ, शिवणयंत्र विकणारी कंपनी यांच्यासाठी ती जाहिरात होती. आणि त्या जाहिरातीचं टपाल भरायचं कोण? बहुतेक वेळा लिहिणारा, स्वतःच्या खिशातून. आज आपण फुकटच्या ॲपवर घरच्यांशी बोलतो आणि मध्ये जाहिरात येते, तो व्यवहार वाटतो तितका नवा नाही.

आधी थोडा इतिहास, पटकन. पहिलं सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. साधं कार्ड, चित्र नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये आलं. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. लिफाफ्यातल्या पत्राला अर्धा आणा लागायचा, म्हणजे कार्ड निम्म्या किमतीत. चाकरमान्यांच्या मुंबईत या पाव आण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गिरणीत, गोदीत, पेढीवर काम करणारा माणूस इथे आणि बाकीचं घर कोकणात नाहीतर घाटावर. ज्याला लिहिता येत नव्हतं तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, आणि गावी कुणीतरी ते वाचून दाखवायचं.

उघडं कार्ड म्हणजे वाटेत कुणीही वाचणार. पोस्टमन, शेजारी, वाड्यातलं अख्खं बिऱ्हाड. त्यावर मराठी माणसाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. वर मधोमध ‘श्री’. मग ‘ती. बाबांस शि. सा. न.’ बरोबरीच्याला ‘सा. न. वि. वि.’ शेवटी ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ आणि ‘लो. अ.’ आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर सगळा हेडर कॉम्प्रेस केलेला! नातं, मान, माया हे सगळं ठरलेल्या अक्षरांत बसवायचं आणि उरलेली जागा कामाच्या गोष्टीला ठेवायची. मनिऑर्डर मिळाली का, गाईला कालवड झाली का, मुंबईत पाऊस किती. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की न वाचताच पोटात गोळा यायचा, कारण ती मृत्यूची बातमी. असं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नसत, फाडून टाकत. म्हणजे कुटुंबाच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं कार्ड टिकू नये असाच रिवाज. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

आता चित्राकडे. १९०० च्या मागेपुढे फोटो छापलेली खासगी कार्डं स्वस्त झाली आणि जगभर त्यांचं अक्षरशः वेड पसरलं. सुरुवातीला एक अडचण होती. टपालाच्या नियमानुसार मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी. मजकूर लिहायचा तर फोटोच्याच बाजूला, कडेच्या कोऱ्या पट्टीत. म्हणून त्या काळातल्या कार्डांवर मलबार हिलच्या आकाशात किंवा अपोलो बंदरच्या पाण्यावर वळणदार इंग्रजी अक्षरं पोहताना दिसतात. १९०२ मध्ये ब्रिटनने मागच्या बाजूला मधोमध रेघ मारायला परवानगी दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. १९०६ मध्ये रोमला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेत ते सगळीकडे मान्य झालं. एका उभ्या रेघेने फोटो मोकळा झाला, आणि कार्ड छापणाऱ्यांना पुढची बाजू पूर्ण मिळाली.

मुंबईत हा धंदा करणारी नावं जुन्या कार्डांच्या कडेला बारीक अक्षरांत सापडतात. मेडोज स्ट्रीटवरची क्लिफ्टन अँड कंपनी, फोटोटाइप कंपनी, तारापोरवाला. फोटो मुंबईचा, विकणारा मुंबईचा, पण छपाई बरेचदा जर्मनीत. रंगीत छपाईत आणि कोलोटाइपमध्ये तेव्हा जर्मन कारखान्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि ती वाट बंद पडली.

इथे थोडी कारागिरी सांगतो, कारण एखादं कार्ड हातात आलं तर तुम्हाला उपयोग होईल. साधं भिंग घ्या. फोटोवर नेमाने मांडलेले ठिपके दिसले तर ते शाईने छापलेलं, हजारोंच्या संख्येने काढलेलं कार्ड. ठिपक्यांऐवजी सुरकुतल्या सायीसारखी बारीक जाळी दिसली तर कोलोटाइप. आणि यातलं काहीच नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरत गेलेला रंग, काळ्या भागात कडेला चांदीसारखी चकाकी, तर तो खरा फोटो. म्हणजे मागे पोस्टकार्डाची रेघ आधीच छापलेल्या फोटोच्या कागदावर, अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून काढलेली प्रत. अशी प्रत एकच असू शकते, नाहीतर पाच-दहा. कोडॅकने १९०३ मध्ये ३ए नावाचा घडीचा कॅमेरा काढला, त्याची निगेटिव्हच पोस्टकार्डाच्या मापाची होती. आपला फोटो आपणच काढा आणि कार्ड म्हणून पाठवा. जाहिरात इथेही आलीच, कारण त्या फोटोसाठी फिल्म लागायची आणि ती कोडॅकची होती.

तारीख काढायचीही गंमत आहे. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं आणि गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला झालं. ताज आहे पण समोर गेटवे नाही, असा फोटो दिसला की तो या दोन तारखांच्या मधला, हे डोळे मिटून सांगता येतं. ट्रामला घोडे असतील तर फोटो १९०७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी मुंबईत विजेची ट्राम आली. पण हे फोटोचं वय झालं, पत्राचं नव्हे. दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षं विकत राहायचे. घोड्यांची ट्राम बंद पडून दहा वर्षं झाली तरी ती कार्डावरून विलायतेला जात राहिली. खरी तारीख मागे, शिक्क्यावर. पुन्हा तीच गोष्ट, मागची बाजू बघा!

ताजचा उल्लेख आलाच आहे तर तिथे थांबू. नव्या हॉटेलसाठी याहून चांगली जाहिरात कुठली असणार? बोटीतून उतरलेला प्रवासी दमलेला असतो, घरी कळवायचं असतं की पोचलो. समोर हॉटेलच्याच इमारतीचं कार्ड. तो लिहितो की सुखरूप आहे, उकाडा फार आहे, सविस्तर पत्र पुढच्या डाकेने. जगभरच्या हॉटेलांच्या कार्डांवर एक सवय दिसते. लिहिणारा आपल्या खोलीच्या खिडकीवर शाईने फुली मारतो, ‘ही माझी खोली’. त्या फुलीपाशी मी दर वेळी अडखळतो. हॉटेलने इमारत विकायला फोटो छापला होता. पाहुण्याने एक खिडकी निवडली आणि आईला सांगितलं, मी इथे आहे. कार्ड तिकडे घरातल्या कपाटावर उभं राहणार, येणारे-जाणारे विचारणार, कुठलं हे? म्हणजे मुलाच्या काळजीपोटी आई त्या हॉटेलची जाहिरात दिवाणखान्यात मांडून ठेवणार. पी. अँड ओ. सारख्या बोट कंपन्यांनीही आपापल्या बोटींची कार्डं काढली होती, त्यांचाही हिशेब हाच.

ब्रँडच्या बाबतीत अमेरिकन सिंगर कंपनी तर याही आधीची. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी सिंगरने रंगीत चित्रकार्डांचा संच काढला. देशोदेशीची माणसं आपापल्या पोशाखात, आणि मध्ये सिंगरचं शिवणयंत्र. त्यात हिंदुस्थानचंही कार्ड होतं. ही टपालाने पाठवायची कार्डं नव्हेत, हातात वाटायची. पण कल्पना तीच. माणूस कार्ड ठेवून घेईल ते चित्रासाठी, आणि मशीन आपोआप घरात शिरेल.

आता आपल्या उपनगरांकडे या. मुंबईच्या त्या काळच्या कार्डांत अंधेरी, मुलुंड, बोरिवली जवळपास नाहीतच. कान्हेरीच्या लेण्यांमुळे बोरिवलीच्या वाट्याला थोडंफार आलं असेल तेवढंच. कॅमेरा कोटात फिरायचा, फार तर काळबादेवीपर्यंत. इकडे भातशेती, मिठागरं, ताडाची झाडं आणि मधून जाणारी रेल्वे. मुंबई उपनगर जिल्हाच मुळी १९२० मध्ये झाला. पण छपाईच्या नकाशावर घाटकोपर आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. त्याचा पत्ता काही लेखक गिरगाव सांगतात, काही घाटकोपर. घाटकोपरकर मित्रांचा कौल कुठे असणार ते तुम्ही ओळखालच! प्लेगने मुंबई रिकामी व्हायला लागली आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वती या छापखान्यातल्या, हे आपल्याला माहीत असतं. पण तिथून पोस्टकार्डंही निघाली. पाउल गेऱ्हार्ट नावाच्या जर्मन चित्रकाराने इथल्या माणसांची रंगीत चित्रं काढली आणि कार्डांवर नाव छापलं गेलं ‘रविवर्मा प्रेस, कार्ला’. दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्यात होते. १९७२ मध्ये आगीत तो जळाला. आपल्या म्हात्रे, धुरंधर वगैरे मंडळींपैकी म. वि. धुरंधरांनीही पोस्टकार्डांसाठी मुंबईतल्या माणसांची चित्रं काढली. ती फोटो नव्हेत, पण विषयाच्या दृष्टीने फोटो-कार्डांची सख्खी भावंडंच.

हा विषय कुठला? तर ‘टाइप्स’. कोळीण, भिस्ती, धोबी, आया, गिरणीकामगार, पारशी बाई. नाव नाही, फक्त प्रकार. या कार्डांपाशी आलं की माझं जुन्या मुंबईचं कौतुक जरा ओसरतं. डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. खाली छापलंय ‘बॉम्बे फिशरवुमन’. मागे लिहिलेलं असतं दुसऱ्याच कुणाचं तरी पत्र, पाठवणाऱ्याचं आणि ज्याला पाठवलं त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता. म्हणजे कार्डावर दोन माणसांची नावं आहेत, आणि चेहरा तिसऱ्याच माणसाचा आहे. ती वर्सोव्याची होती की माहीमची? तिला फोटोचे पैसे मिळाले का? आपण इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी अल्बममध्ये जाणार आहोत हे तिला कुणी सांगितलं होतं का? ब्रँड म्हणून इथे जे विकलं जात होतं ते साबण किंवा मशीन नव्हतं, अख्खं ‘ईस्ट’ होतं. आणि मॉडेलचं नाव कुठल्याच बाजूला नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही.

मग मराठी माणसाने फोटो-पोस्टकार्ड वापरलंच नाही का? दुकानात विकत मिळणारं फारसं नाही, असं मला वाटतं. साध्या गोष्टीला पाव आण्याचं सरकारी कार्ड असताना चित्राचे वेगळे पैसे कोण देईल? शिवाय व्हिक्टोरिया टर्मिनसचं चित्र बघून रत्नागिरीच्या आईला काय करायचंय? पण एका प्रकारे वापरलं, आणि इतकं वापरलं की तो शब्द अजून आपल्या तोंडी आहे. कुठल्याही जुन्या फोटो स्टुडिओत जाऊन विचारा. पासपोर्ट साईज, कॅबिनेट साईज आणि पोस्टकार्ड साईज! आता कागदाचं माप थोडं बदललंय, चार बाय सहा झालंय, तरी नाव तेच आहे. ते कुठून आलं याचा विचार मी कॉलेज संपेपर्यंत केला नव्हता.

स्टुडिओवाले फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून द्यायचे, कारण तो कागद तयार मिळायचा. मागे मधली रेघ, तिकिटाचा चौकोन, सगळं छापलेलं. लोक तो फोटो क्वचितच उघडा टपालात टाकायचे. लिफाफ्यात घालायचे. कुठल्या कामासाठी? लग्नासाठी! ‘मुलीचा फोटो आणि पत्रिका पाठवावी.’ मग मुलगी नऊवारी किंवा पाचवारी नेसून, एका हाताने लाकडी तिपाईला धरून, पडद्यावर रंगवलेल्या बागेसमोर उभी. पूर्ण उंची दिसली पाहिजे. मागे तिकिटाच्या चौकोनात तिकीट नाही, पण कोपऱ्यात स्टुडिओचा रबरी शिक्का: नाव, पत्ता, आणि हाताने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर. नंबर एवढ्यासाठी की आणखी प्रती हव्या असतील तर सांगता यावं. एका मुलीचा फोटो चार-पाच घरी जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. जिथे जाईल तिथे स्टुडिओचा पत्ता सोबत. उपवर मुलं-मुली असलेल्याच घरांत जाहिरात पोचतेय. याला आजचा मार्केटिंगवाला ‘टार्गेटेड’ म्हणेल आणि त्याचे पैसे मागेल.

माझ्या आजीच्या पेटीत असा तिचा एक फोटो होता. मागे मोडीसारख्या घाईच्या अक्षरात एवढंच: ‘फोटो पाहून परत करणे.’ कुणी लिहिलं ते तिलाही नक्की आठवत नव्हतं. वडिलांनी असेल, नाहीतर मामाने. फोटोत ती सोळा-सतरा वर्षांची आणि कमालीची रागावलेली दिसते. तिला विचारलं तर म्हणाली, अरे, सूर्य डोळ्यांवर येत होता. फोटो स्टुडिओतला आहे, मागे रंगवलेला पडदा स्पष्ट दिसतो. पण मी काही बोललो नाही. त्या चार शब्दांत किती घरांच्या दारात तो फोटो जाऊन आला असेल, ते मात्र पुढच्या बाजूवरून कधीच कळलं नसतं.

लग्नाच्या फोटोवरून सिनेमाकडे जायला फार अंतर नाही. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, छायालेखक योझेफ वर्शिंग जर्मन. छापखान्यानंतर पुन्हा एकदा जर्मन माणसं आपल्या गोष्टीत येतायत, योगायोग म्हणा. वर्शिंग यांनी सेटवर काढलेली कृष्णधवल स्थिरचित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. याच बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या चित्रपटांतून लीला चिटणीस देशभर पोचल्या. धारवाडकडचा जन्म, मराठी रंगभूमी, बी.ए. झालेली नटी. १९४१ मध्ये त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. तोवर लक्ससाठी हॉलिवूडच्या तारका असायच्या, भारतीय तारका म्हणून पहिलं नाव त्यांचं घेतलं जातं.

नटनट्यांचे पोस्टकार्ड मापाचे फोटो पुढे कितीतरी वर्षं फुटपाथवर, जत्रेत, थिएटरबाहेर विकले जात होते. चकचकीत कागद, खाली कधी छापील सही. मागे पोस्टकार्डाची रेघ असली तरी लिहायला कुणी वापरत नसे. ते आरशाच्या चौकटीत खोचायचे, वहीत ठेवायचे, फार तर मैत्रिणीला द्यायचे. इथे व्यवहार उलटा झाला. ताजच्या कार्डावर तुम्ही स्वतःची फुली मारत होता. इथे तारकेची सही आधीच छापून आलेली, जणू पत्र तिनेच तुम्हाला लिहिलंय. माझ्या मते जाहिरातीने खासगी पत्राकडून घेतलेली सगळ्यात चलाख गोष्ट ही. अक्षर ओळखीचं वाटलं पाहिजे, मग ते छापील का असेना.

मालाडहून थोडं खाली जुहूला येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एका छोट्या पस मॉथ विमानातून जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. ज्या कंपनीची सुरुवात टपालाच्या पिशव्या वाहण्यातून झाली तीच पुढे एअर इंडिया झाली. आणि तिचा महाराजा जन्मला कुठे? १९४६ मध्ये बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सनचे चित्रकार उमेश राव यांनी त्याला घडवलं, ते मुळात विमानात द्यायच्या टिपणवहीच्या कागदासाठी! म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या ब्रँडचा चेहरा प्रवाशाने लिहायच्या कागदावर अवतरला. पुढे महाराजाची पोस्टकार्डंही निघाली. त्या काळी विमान कंपन्या प्रवाशांना जागेवर कार्ड आणून देत, लिहून झालं की परत घेत आणि बरेचदा तिकिटाचा खर्चही स्वतः करत. पी. अँड ओ.च्या प्रवाशाला खिशात हात घालावा लागायचा. इथे पैसे कंपनी द्यायला लागली. कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं की सांताक्रूझहून उडालेल्या मुलाचं ‘पोचलो’ हे पत्र घरात, शेजारी, ऑफिसात किती जणांच्या हातून फिरतं.

आणि मग २००२. त्या वर्षी टपाल खात्याने ‘मेघदूत’ पोस्टकार्ड आणलं. साधं कार्ड ५० पैशांना, मेघदूत २५ पैशांना. स्वस्त का? पत्त्याच्या बाजूला डावा अर्धा भाग जाहिरातीचा होता, म्हणून. १९०२ मध्ये जी अर्धी बाजू सामान्य माणसाच्या मजकुरासाठी मिळवली होती, बरोबर त्याच जागेवर शंभर वर्षांनी जाहिरात बसली आणि मजकूर उलट्या बाजूला गेला. फोटो काढून टाका, बाकी सगळा सौदा उघड्यावर. तुम्ही आईला लिहा, अर्धे पैसे आम्ही सोडतो, बदल्यात आईने आमची जाहिरात वाचायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘ॲड-सपोर्टेड प्लॅन’ म्हणतो. सरकारी खात्याने त्याला कालिदासाच्या काव्याचं नाव दिलं, हे मात्र मानलं पाहिजे. यक्षाच्या निरोपावर कुणी जाहिरात छापली नव्हती एवढंच.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. कुठली कार्डं टिकली? युरोपियन अल्बममधली टिकली, कारण ती चित्रासाठी जमवलेली होती. लिलावात, चोर बाजारात, पुस्तकांत तीच दिसतात. ओमर खान यांचं ‘पेपर ज्वेल्स’ हे २०१८ चं देखणं पुस्तक याच खजिन्यावर उभं आहे आणि ते जरूर बघा. पण आपल्या घरांतली साधी कार्डं तारेत खोचली, तार भरली की काढून बंबात टाकली. कोपरा फाडलेली तर त्याच दिवशी गेली. फोटो राहिले, पण ते अल्बमच्या काळ्या पानांवर डिंकाने असे चिकटवले की मागची बाजू कायमची मिटली. मुंबईबद्दल बाहेरच्यांनी घरी काय लिहिलं, ते आपल्याला आज विकत मिळतं. परळच्या खोलीतून सावंतवाडीला काय लिहिलं गेलं, ते मिळत नाही. आणि जे थोडं उरलंय ते संग्रहालयात नसून मुलुंडच्या, डोंबिवलीच्या, बोरिवलीच्या माळ्यांवर आहे. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की माळे रिकामे होतात, आणि तीस वर्षं न उघडलेल्या ट्रंका रद्दीवाल्याकडे किलोवर जातात. आमच्या आजूबाजूला सध्या हेच चाललंय.

तर एक काम करा. घरात जुने फोटो असतील तर एकदा उलटून बघा. काळ्या पानावर चिकटलेला असेल तर ओढू नका, पाणी तर मुळीच लावू नका. कोपरा सहज सुटत असेल तरच सोडवा, नाहीतर राहू द्या. सुटला तर दोन्ही बाजू स्कॅन करा आणि दोन्ही फाइलींना एकच नंबर द्या, पुढे ‘अ’ आणि ‘ब’. पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरून फोटो काढा. पुसट अक्षरंही उठून दिसतात. मागे स्टुडिओचा शिक्का असेल, निगेटिव्हचा नंबर असेल, नुसतं ‘परत करणे’ असेल, तरी चालेल. घरात अजून कुणी ऐंशी-नव्वदीतलं असेल तर ते अक्षर कुणाचं हे त्यांना आत्ताच विचारून घ्या आणि फाइलच्या नावात घाला. आम्हाला पाठवणार असाल तर आधी ‘ब’ पाठवा.